कळते, पण वळत नाही! सवयी बदलण्याच्या शास्त्राचा सामूहिक शोध

रोज अर्धा तास चाला, मीठ आणि साखर कमी करा, तंबाखू सोडा, औषधे वेळेवर घ्या. हा सल्ला ज्याने कधी ऐकला नाही असा शहरी माणूस सापडणे कठीण. त्यातील एकाही सूचनेशी कोणाचा मतभेद नसतो. तरीही जानेवारीत गजबजलेल्या व्यायामशाळा मार्चमध्ये ओस पडतात आणि मधुमेहाचे निदान झालेला रुग्ण सहा महिन्यांत पूर्वीच्याच ताटाकडे वळतो. या अवस्थेचे नेमके वर्णन मराठीने फार पूर्वीच करून ठेवले आहे : कळते, पण वळत नाही. कळणे आणि वळणे यांच्यातील हे अंतर कशाने कमी होते, हा प्रश्न आता कीर्तन-प्रवचनांपुरता राहिलेला नाही. गेल्या दीड-दोन दशकांत जगातील अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन त्याचा प्रयोगसिद्ध शोध घेतला आहे. त्या शोधाचे निष्कर्ष जितके उपयुक्त आहेत, तितकेच तज्ज्ञांचा अहंकार उतरवणारेही आहेत.

प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी एक आकडेवारी पुरेशी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. उंबरठ्यावरच्या या कोट्यवधी लोकांना गरज आहे ती मुख्यतः आहार आणि व्यायामातील बदलाची. म्हणजे औषध ठाऊक आहे; ते घ्यायला माणसाला प्रवृत्त कसे करायचे, तेवढे ठाऊक नाही.

विखुरलेले प्रयोग

याविषयी संशोधन झालेच नव्हते, असे मुळीच नाही. अडचण होती ती त्याच्या विखुरलेपणाची. एक विद्यापीठ आपल्याच विद्यार्थ्यांवर प्रयोग करी, तर दुसरे एखाद्या रुग्णालयातील हृदयरुग्णांवर. एक प्रयोग चार आठवड्यांचा, तर दुसरा वर्षभराचा. कोठे यंत्राने पावले मोजली जात, तर कोठे 'गेल्या आठवड्यात किती चाललात?' या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून राहिले जाई. अशा परिस्थितीत बक्षिसाची युक्ती अधिक प्रभावी की स्मरणपत्राची, हे ठरवणार कसे? रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची तुलना करता येते, कारण त्यांतील द्रव्य आणि मात्रा निश्चित असते. 'समुपदेशन' या शब्दाच्या आड मात्र दहा मिनिटांच्या उपदेशापासून सहा महिन्यांच्या पाठपुराव्यापर्यंत काहीही दडलेले असू शकते.

ही अडचण दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्तनबदलाच्या १९ प्रचलित आराखड्यांचा अभ्यास करून एक सुटसुटीत मांडणी पुढे ठेवली. कोणतेही वर्तन घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : क्षमता, संधी आणि प्रेरणा. तिन्हींपैकी एकीचीही उणीव असेल, तर उरलेल्या दोघी निष्फळ ठरतात. ही मांडणी ऐकायला साधी वाटते, पण तिचा अर्थ मोठा आहे. डोंबिवलीहून सकाळी सातच्या लोकलने निघून रात्री आठला परतणाऱ्या माणसाला चालण्याचे महत्त्व पटवून देणारे आणखी एक पत्रक दिले, तर त्याने काय साधणार? त्याच्याकडे प्रेरणा असेल, क्षमताही असेल. नसते ती संधी, म्हणजे मोकळा वेळ आणि चालण्याजोगा पदपथ. आरोग्यशिक्षणाच्या कित्येक मोहिमा अपयशी ठरतात, त्या रोग एकीकडे आणि उपचार दुसरीकडे झाल्यामुळे.

पुढे २०१३ मध्ये याच गटाने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांची सूची तयार केली. ध्येय निश्चित करणे, स्वतःच्या वर्तनाची नोंद ठेवणे, सभोवतालची मांडणी बदलणे, अशा प्रत्येक तंत्राला नाव आणि व्याख्या मिळाली. रसायनशास्त्रात मूलद्रव्यांची सारणी जे काम करते, त्याच दिशेचा हा प्रयत्न होता. त्यानंतर लंडन, केंब्रिज आणि अॅबर्डीन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी आयबीएम या संगणक कंपनीला सोबत घेऊन, प्रसिद्ध झालेल्या असंख्य प्रयोगांमधील माहिती संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. कोणत्या लोकांवर, कोणत्या परिस्थितीत, कोणते तंत्र किती उपयोगी पडते, याचे उत्तर शोधणे हा त्याचा हेतू.

चौपन्न कार्यक्रम, एकच कसोटी

जुन्या प्रयोगांची जुळवाजुळव करण्यापेक्षा सगळ्या कल्पना एकाच मैदानात उतरवल्या तर? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांनी नेमके हेच केले. त्यांच्या पुढाकाराने १५ अमेरिकी विद्यापीठांतील ३० शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांनी लहान-लहान स्वतंत्र गटांत काम करून व्यायामाला प्रवृत्त करणारे, प्रत्येकी चार आठवड्यांचे एकूण ५४ कार्यक्रम रचले. देशभर शाखा असलेल्या एका व्यायामशाळेच्या ६१ हजार २९३ सभासदांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे या कार्यक्रमांत विभागणी करण्यात आली. लोकसमूह एक, कालावधी एक आणि मोजमापही एकच : सभासद व्यायामशाळेत प्रत्यक्ष किती वेळा आला. हा महाप्रयोग डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बहुतेक कार्यक्रमांचा पाया समान होता. सभासदाने व्यायामाचे दिवस आणि वेळ आधीच ठरवायची, ठरलेल्या वेळेपूर्वी मोबाइलवर आठवण यायची आणि प्रत्येक भेटीमागे अगदी किरकोळ बक्षीस मिळायचे. या पायावर प्रत्येक गटाने आपापली युक्ती रचली. कोणी बक्षिसाची रक्कम वाढवली, तर कोणी ती देण्याची पद्धत बदलली. कोणी इतर लोक किती व्यायाम करतात हे सांगितले, तर कोणी सभासदाला स्वतःच्या मूल्यांची आठवण करून दिली.

निकाल काय लागला? सुमारे ४५ टक्के कार्यक्रमांनी व्यायामशाळेतील साप्ताहिक भेटी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. उरलेल्या निम्म्याहून अधिक कार्यक्रमांचा ठळक परिणाम दिसला नाही; नामवंत विद्यापीठांतील अभ्यासकांनी विचारपूर्वक आखलेले कार्यक्रम होते, तरीही. यादीत सर्वात वर राहिलेली युक्ती सर्वांना चकित करणारी होती. ठरवलेला व्यायाम चुकल्यानंतर जो सभासद पुन्हा येईल, त्याला थोडे जादा गुण द्यायचे. या गुणांची किंमत होती जेमतेम नऊ सेंट. एवढ्या रकमेसाठी कोणी घाम गाळत नाही. परंतु 'एक दिवस चुकला म्हणजे सगळे संपले नाही' हा संदेश त्या नऊ सेंटांनी पोहोचवला, असे दिसते. तथापि अग्रस्थानी असलेल्या काही कार्यक्रमांतील परस्पर फरक इतका थोडा होता की, पहिल्या क्रमांकाला निर्विवाद विजेता म्हणणे धाडसाचे ठरेल.

याहून बोलका निष्कर्ष भाकितांविषयीचा आहे. कोणता कार्यक्रम किती प्रभावी ठरेल, याचे अंदाज सामान्य नागरिकांकडून, सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकांकडून आणि वर्तनशास्त्राचे व्यावसायिक काम करणाऱ्यांकडून मागवण्यात आले होते. यांपैकी कोणालाही यशस्वी कार्यक्रम ओळखता आले नाहीत. परिणाम किती मोठा असेल याविषयीचे त्यांचे अंदाजही प्रत्यक्षापेक्षा फार आशावादी निघाले. आरोग्यखात्यांच्या मोहिमा सर्वसाधारणपणे अशाच अंदाजांच्या आधारे आखल्या जातात, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

'लस तुमची वाट पाहत आहे'

व्यायाम ही वारंवार करायची गोष्ट. लस टोचून घेणे हे एकदाच करायचे काम. तेथे काय घडते, हेही याच पद्धतीने तपासण्यात आले. वॉलमार्टच्या औषध दुकानांतील ६ लाख ८९ हजार ६९३ ग्राहकांना २०२०च्या शरद ऋतूत फ्लूच्या लशीविषयी २२ प्रकारचे संदेश पाठवण्यात आले. पुढील तीन महिन्यांत लसीकरणाचे प्रमाण सरासरी दोन टक्के-बिंदूंनी वाढले. सर्वाधिक परिणाम साधणारा संदेश ना विनोदी होता, ना भावनिक. लस तुमची वाट पाहत आहे, एवढेच त्यात म्हटले होते, आणि तीन दिवसांनी त्याची पुन्हा आठवण करून दिली होती. हा संदेश आघाडीवर राहील, असे ना तज्ज्ञांना वाटले होते, ना सामान्यांना. डॉक्टरांच्या भेटीला येणाऱ्या ४७ हजार ३०६ रुग्णांवरील दुसऱ्या एका प्रयोगातही, लस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे असे सांगणारे आणि दवाखान्याकडून अपेक्षित असते तशाच साध्या भाषेतील संदेश सरस ठरले. चटपटीत आणि चमकदार संदेश मागे पडले.

अशा कसोटीमागे पैशाचाही प्रश्न असतो. करोनाकाळात, २०२१ मध्ये, अमेरिकी प्रशासनाने उबर आणि लिफ्ट या कंपन्यांच्या सहकार्याने लसीकरण केंद्रापर्यंत मोफत प्रवासाची योजना जाहीर केली होती. केंद्रापर्यंत जाणे जमत नाही म्हणून लोक लस घेत नाहीत, हा त्यामागील तर्क सरळ आणि पटण्याजोगा होता. पुढे सीव्हीएस या औषध दुकानांच्या सुमारे ३६ लाख ६० हजार ग्राहकांवर या कल्पनेची पद्धतशीर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइलवरील साध्या स्मरणसंदेशांनी वर्धक मात्रा घेणाऱ्यांचे प्रमाण २१ टक्क्यांनी वाढवले. हा आकडा मोठा वाटतो, पण मूळ प्रमाणच कमी असल्याने प्रत्यक्ष वाढ होती सुमारे एक टक्का-बिंदूची. संदेशासोबत मोफत प्रवासाचीही सोय देऊ केली, तेव्हा त्यात काहीच भर पडली नाही. तर्काला पटणारी प्रत्येक योजना वास्तवात उतरतेच असे नाही, याचा हा धडा आहे.

अठ्ठावीस दिवसांनंतर

व्यायामाच्या महाप्रयोगातील सर्वात कठोर आकडा मात्र निराळाच आहे. चार आठवडे संपले, संदेश आणि बक्षिसे थांबली. त्यानंतरही ज्यांचा परिणाम स्पष्टपणे टिकून राहिला, असे कार्यक्रम होते अवघे आठ टक्के. अनेकांच्या बाबतीत पाठीवरचा हात निघाला आणि पाऊलही थांबले.

याची काही कारणमीमांसा सवयींच्या अभ्यासातून मिळते. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाच्या १९६० मधील पुस्तकातून ती पसरली. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान तीन आठवडे लागतात, अशा स्वरूपाचे त्याचे निरीक्षण होते. सवय लावण्याचा तो नियम नव्हता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा निराळे चित्र दिसले. नवे वर्तन आपोआप घडू लागण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक होता ६६ दिवस. व्यक्तिपरत्वे मात्र तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. जेवणानंतर पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजते, व्यायामाची उशिरा. त्याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण दिलासा देणारे होते : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा येत नाही. नऊ सेंटांच्या बक्षिसाने जे सुचवले, त्याला हे निरीक्षण पूरक आहे. बाधा येते ती एका खंडामुळे नव्हे, तर खंड पडला म्हणून सगळेच सोडून देण्यामुळे.

चेन्नई ते बिहार

अठ्ठावीस दिवस अपुरे आहेत, तर मग अधिक काळ टिकणाऱ्या आधाराने काय साधते? अमेरिकेतील २७ केंद्रांनी मिळून १९९६ पासून चालवलेल्या मधुमेह प्रतिबंध प्रकल्पाने याचे उत्तर दिले. त्यात ३ हजार २३४ जण सहभागी होते. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट देऊन, प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शकाची दीर्घकाळ साथ देण्यात आली. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे सवयीने औषधावर मात केली. परंतु एवढे मनुष्यबळ गरीब देशांनी कोठून आणावे?

चेन्नईतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांचा गट आणि लंडनचे इम्पिरियल कॉलेज यांनी मिळून स्वस्त पर्याय तपासला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, ३५ ते ५५ वर्षे वयाच्या ५३७ नोकरदार पुरुषांचे दोन गट करण्यात आले. सुरुवातीचा सल्ला दोन्ही गटांना मिळाला. त्यानंतर एका गटाला आहार-व्यायामाविषयी नियमित एसएमएस पाठवण्यात आले. हे संदेशही सरसकट एकच नव्हते. व्यक्ती बदलाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून ते निवडले जात. दोन वर्षांनंतर सल्ला घेऊन गेलेल्यांपैकी २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला होता. संदेश मिळणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. महागडी उपकरणे नाहीत, स्मार्टफोनही नाही. साधा मोबाइल, योग्य मजकूर आणि दोन वर्षांचे सातत्य एवढ्यावर हा फरक पडला.

व्यक्तीऐवजी संपूर्ण संस्थेचे वातावरण बदलण्याचा प्रयोग बिहारमध्ये झाला आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा होता. मुंबई परिसरात कार्यरत असलेली हीलिस सेखसरिया ही सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधक यांनी तेथील ७२ सरकारी शाळांतील शिक्षकांवर लक्ष केंद्रित केले. शाळेने तंबाखूमुक्तीचे धोरण स्वीकारायचे, शिक्षकांनी आपसांत चर्चा करायची, तंबाखू सोडू पाहणाऱ्याला सहकाऱ्यांनी आधार द्यायचा, असा हा शैक्षणिक वर्षभराचा कार्यक्रम होता. तो संपल्यासंपल्या पाहणी केली असता, आदल्या महिनाभरात तंबाखू सोडलेल्यांचे प्रमाण कार्यक्रम राबवलेल्या शाळांत ५० टक्के, तर इतर शाळांत १५ टक्के आढळले. नऊ महिन्यांनी, सलग सहा महिने तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचा हिशेब मांडला, तेव्हा हे आकडे अनुक्रमे १९ आणि ७ टक्क्यांवर आले होते, आणि संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक काठावरचा होता. पहिल्या आकड्यापाशी थांबून विजय साजरा करता आला असता. संशोधकांनी दुसरा आकडाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवला. या क्षेत्रात विश्वास निर्माण होतो तो अशा नोंदींमुळे.

सावधगिरी आणि जबाबदारी

या निष्कर्षांच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. व्यायामशाळेचे सभासद पैसे भरून व्यायामाची इच्छा आधीच व्यक्त केलेले असतात. ज्याला व्यायामच नको, त्याला या प्रयोगातील युक्त्या कितपत लागू पडतील? अमेरिकी औषध दुकानातील संदेश ईश्वरपूर किंवा मडगाव येथे तसाच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय एक-दोन टक्के-बिंदूंची वाढ एखाद्या माणसाच्या दृष्टीने नगण्य, तर कोट्यवधींच्या लोकसंख्येत ती लाखो माणसांची असते; ती नाकारणे चूक आणि तिच्यावर संतुष्ट राहणेही चूक. स्वस्त संदेश पाठवून कर्तव्य संपले असे मानण्याचा मोह शासनाला होऊ शकतो. परंतु क्षमता, संधी आणि प्रेरणा या त्रिसूत्रीतील संधी निर्माण करणे हे मोबाइलचे काम नव्हे. पदपथ, मैदाने, परवडणारी भाजी आणि शाळेच्या परिसरात लागू असलेल्या तंबाखूबंदीची काटेकोर अंमलबजावणी यांची जागा कोणताही एसएमएस घेऊ शकत नाही.

या संशोधनाचा खरा धडा पद्धतीचा आहे. अनुभवी प्राध्यापकांचे अंदाजही जेथे चुकले, तेथे फलक, जाहिराती आणि जनजागृती सप्ताह यांवर खर्च करण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेणे अनाठायी ठरणार नाही. आपल्याकडेही विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकांची आरोग्यखाती एकत्र आली, तर चार प्रकारचे संदेश चार प्रभागांत पाठवून कोणता उपयोगी पडतो हे पाहणे फारसे खर्चिक नाही. त्यासाठी निकाल प्रतिकूल लागला तरी तो जाहीर करण्याची तयारी मात्र हवी. आणि मोजणी मोहीम संपल्याच्या दिवशी करून भागणार नाही. ती वर्षभरानेही करावी लागेल.

सामान्य वाचकासाठी या सगळ्याचे सार थोडक्यात असे : संकल्पापेक्षा वेळापत्रक उपयोगी, एकट्याच्या निर्धारापेक्षा सोबत्यांचा आधार बळकट, आणि एकवीस दिवसांचे गणित विसरून काही महिन्यांची तयारी ठेवणे शहाणपणाचे. चालायला जाणे एखाद्या दिवशी चुकणारच. त्याने फारसे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला पायात घालणे महत्त्वाचे.